गुहा की लेणे?

पनवेलहून कर्जतमार्गे राजमाचीच्या पायथ्याची कोंडाणे लेणी पाहायला जाल, तेव्हा एक प्रश्न मनात ठेवा: ही पोकळी कोणी केली?

व्हिएतनाममध्ये दा नांगजवळच्या संगमरवरी टेकड्यांतही बौद्ध मंदिरे आहेत. पण तेथील गुहा पाण्याने घडवल्या. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी बनते आणि चुनखडक व संगमरवर हळूहळू विरघळवते. आपला सह्याद्री मात्र लाव्हारस थिजून झालेल्या बेसाल्टचा. तो असा विरघळत नाही. म्हणून कोंडाण्याचे चैत्यगृह सुमारे २००० वर्षांपूर्वी माणसांनीच छिन्नी-हातोड्याने खोदले.

प्रयोग करा. शहाबादी फरशीच्या ताज्या फुटलेल्या कडेवर आणि काळ्या दगडावर लिंबाचा रस टाका. बुडबुडे कोठे येतात, ते भिंगातून पाहा.