एका मोठ्या संख्येची उकल

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही संख्या एकवीस अंकी आहे. सदुसष्ट वेळा २ मांडून त्या सर्वांचा गुणाकार केला व त्यातून १ वजा केला, म्हणजे ती मिळते. दिसावयास ही अंकांची एक लांबलचक रांग. परंतु तिची उकल करण्यासाठी विद्वानांना फार परिश्रम करावे लागले.

ज्या संख्येस १ व ती स्वतः यांवाचून दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, तिला मूळ संख्या म्हणतात. वरील रीतीने दोन, तीन, पाच आणि सात वेळा २ घेतल्यास अनुक्रमे ३, ७, ३१ आणि १२७ या संख्या येतात. या चारही मूळ आहेत. पण अकरा वेळा २ घेतल्यास २,०४७ ही संख्या येते, आणि ती २३ व ८९ यांचा गुणाकार आहे. चार उदाहरणे जुळली, एवढ्यावरून नियम सिद्ध होत नाही, तो असा.

फ्रान्समधील मारँ मर्सेन या विद्वान ख्रिस्ती साधूने १६४४ साली अशा मूळ संख्यांची एक यादी प्रसिद्ध केली. तीत आपली एकवीस अंकी संख्याही होती. पुढे २३२ वर्षांनी, १८७६ साली, एद्वार ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने ती मूळ नाही, असे दाखविले. मात्र त्याच्या रीतीने तिचे अवयव कळत नव्हते. घरात चोर आहे हे ठरले, पण तो कोठे दडला आहे, हे कळेना!

हे काम अमेरिकेतील प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांनी अंगावर घेतले. अशा संख्यांचा एक गुणधर्म गणितज्ञांना ठाऊक होता. २,०४७ च्या २३ व ८९ या दोन्ही अवयवांना अकराच्या दुपटीने, म्हणजे २२ ने, भागल्यास बाकी १ उरते. त्याचप्रमाणे या संख्येच्या प्रत्येक अवयवाला सदुसष्टाच्या दुपटीने, म्हणजे १३४ ने, भागल्यास बाकी १ च उरली पाहिजे. यामुळे पुष्कळ संख्या वगळता आल्या, तरी उरलेल्यांची गणती थोडी नव्हती. आणि त्या काळी आजच्यासारखे संगणक नव्हते.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्क येथे गणितज्ञांची सभा भरली होती. त्या दिवसाची हकीकत अशी सांगतात : कोल फळ्याजवळ गेले व एक शब्दही न उच्चारता त्यांनी ही एकवीस अंकी संख्या काढून दाखविली. मग फळ्याच्या दुसऱ्या भागावर १९,३७,०७,७२१ व ७,६१,८३,८२,५७,२८७ या संख्या मांडून त्यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळली. कोल मुकाट्याने जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. या कामी तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले, असे त्यांनी पुढे सांगितल्याची नोंद आहे.

आज हेच अवयव संगणक क्षणार्धात शोधून काढतो. तरीही कोलांच्या उत्तराचे मोल कमी होत नाही. ते खरे मानण्यासाठी कोणाच्याही शब्दावर विसंबावे लागत नाही. कागद, पेन्सिल आणि थोडी चिकाटी असली, की शाळेतील मुलासही ते पडताळून पाहता येते.

स्वाध्याय
१. ७२१ व २८७ यांचा गुणाकार करा. उत्तराचे शेवटचे तीन अंक मोठ्या संख्येच्या शेवटच्या तीन अंकांशी जुळतात काय?
२. १९,३७,०७,७२१ ला १३४ ने भागून बाकी किती उरते ते पाहा.
३. ल्युका व कोल यांच्या कामांत कोणता फरक होता, ते आपल्या शब्दांत लिहा.