बारा वर्षं उभी मर्सिडीज: गिअरबॉक्स उतरवायचा का?

प्रश्न : वडिलांची १९८४ची मर्सिडीज डब्ल्यू १२३ ऑटोमॅटिक बारा वर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे. इंजिन सुरू झालं, पण 'डी'त टाकल्यावर गाडी हलायला वेळ लावते. गिअरबॉक्स उतरवावा लागेल का?
– एक वाचक, भाईंदर पूर्व

उत्तर : इतक्यात नको. गाडी उभी राहिली की टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू खाली पॅनमध्ये उतरतं. म्हणून सुरुवातीला गिअर उशिरा पकडतो आणि इंजिन बंद असताना डिपस्टिक पातळी जास्त दाखवते. तिच्यावर विसंबू नका.

आधी तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लालसर असेल तर ठीक. काळपट आणि जळका वास म्हणजे क्लच प्लेटा झिजल्या. दुधट गुलाबी म्हणजे पाणी शिरलं. पावसात पार्किंग तुंबत असेल तर ही शंका आधी घ्या आणि इंजिन पुन्हा सुरू करू नका.

तेल ठीक असलं तरी जुनं झालंय, ते बदलाच. नुसता पॅन रिकामा करून भागत नाही. कन्व्हर्टरला वेगळा ड्रेन प्लग आहे. इंजिन हाताने फिरवून तो खालच्या झरोक्यासमोर आणावा लागतो. अनेक मेकॅनिक हे टाळतात, तुम्ही समोर उभे राहा. फिल्टर आणि पॅनचं गॅस्केट नवं घाला. तेल डेक्स्रॉन प्रतीचं. जेवढं निघालं त्याहून थोडं कमी भरा, मग गाडी तापवून, इंजिन चालू ठेवून, 'पी'मध्ये पातळी पाहा.

गिअरबॉक्सला जोडलेल्या व्हॅक्यूमच्या नळीत तेल दिसलं, तर तिथल्या मॉड्युलेटरचा पडदा फाटलाय; तो बाहेरूनच बदलता येतो.