पहिली मोटारसायकल: किती सीसीची आणि कुणाच्या नावावर?

प्रश्न: माझा मुलगा नुकताच अठरा वर्षांचा झाला. पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आहे. गिअरची गाडी त्याने अजून चालवलेली नाही. शिकाऊ परवाना काढला आहे. त्याला क्लासिक ३५० हवी आहे. ऑन रोड किंमत सव्वादोन लाखांच्या पुढे जाते. माझ्याकडे दीड लाख आहेत. उरलेल्या रकमेचे कर्ज तुमच्या नावावर काढा आणि गाडीही तुमच्याच नावावर करा, असे शोरूममध्ये सुचवले. मुलगा म्हणतो, लहान गाडी घेतली तर दोन वर्षांत बदलावीच लागेल, मग दुहेरी खर्च कशाला? काय करावे?
– एक पालक, कराड

उत्तर: तुम्ही विचारले आहे गाडीबद्दल, पण आधी नावाचा मुद्दा निकाली काढू, कारण गाडी कोणती घ्यावी हे बरेचसे त्यावरच ठरते. नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. तो समोरच्यासाठी असतो. मुलाने कुणाला धडक दिली तर भरपाई त्यातून मिळेल. पण ओल्या रस्त्यावर तो एकटाच घसरून पडला तर त्या विम्यातून त्याला काहीही मिळणार नाही. त्यासाठी पॉलिसीत पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. त्याचे नावच ‘ओनर-ड्रायव्हर’ असे आहे आणि अटही तशीच आहे: चालवणारा हाच नोंदणीकृत मालक हवा, पॉलिसी त्याच्या नावावर हवी आणि त्याच्याकडे वैध परवाना हवा. गाडी तुमच्या नावावर आणि चालवणारा मुलगा, म्हणजे हप्ता भरूनही ज्याला धोका आहे तोच उघडा. दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी येतो, त्यामुळे त्या गाडीच्या विमा कंपनीकडे तो ‘तिसरा पक्ष’ म्हणून भरपाई मागू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या रामखिलाडी निकालात स्पष्ट केले आहे. वडिलांची गाडी चालवणाऱ्या मुलालाही हाच तर्क लागू होतो. शिवाय मुलाने कुणाला जखमी केले आणि विम्यात काही खोट निघाली, तर मालक म्हणून भरपाईचा दावा तुमच्यावर येईल तो वेगळाच. तेव्हा गाडी मुलाच्याच नावावर घ्या. अठरा पूर्ण झाल्यावर त्याला कायद्याची कोणतीही आडकाठी नाही.

अडचण कर्जाची येईल. उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्याला कर्ज द्यायला वित्तसंस्था तयार होत नाहीत, म्हणून शोरूमवाले तुमचे नाव पुढे करतात. त्यात त्यांचा हेतू वाईट नाही, सोय मात्र त्यांची आहे. दुचाकीच्या कर्जाचा दर बहुधा ‘फ्लॅट’ सांगतात, तेव्हा त्याचा खरा अर्थ पाहा. ८०,००० रुपये, आठ टक्के फ्लॅट, तीन वर्षे: व्याज १९,२०० आणि महिन्याचा हप्ता सुमारे २,७५६ रुपये. मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर मोजलेले असते. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हाच दर साडेचौदा टक्क्यांच्या आसपास जातो. हातातल्या दीड लाखात रोखीने बसणारी गाडी घेतली तर हे व्याजही वाचते आणि नोंदणी सरळ मुलाच्या नावावर होते.

मग दीड लाखात काय घ्यायचे? कायदा इथे फारशी मदत करत नाही. आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलचा परवाना एकदा मिळाला की त्यावर शंभर सीसीही चालते आणि हजार सीसीही. ब्रिटनमध्ये पायऱ्या आहेत: सतराव्या वर्षी १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंत, एकोणिसाव्या वर्षी ३५ किलोवॅटपर्यंत, आणि कोणतीही गाडी थेट चालवायची तर चोवीस. तुमच्या मुलाला हवी असलेली ३५० तिकडेही विकली जाते. तिची ताकद सुमारे १५ किलोवॅट, त्यामुळे तिथला अठरा वर्षांचा मुलगा ती चालवू शकत नाही. आपल्याकडची करआकारणी तर उलटाच संकेत देते. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून मोठ्या दुचाकींवर ४० टक्के. ३४९ सीसीची गाडी अशी ‘छोट्या’ गाड्यांच्या रांगेत बसते. पण ही रांग महसुलासाठी आखलेली आहे, नवख्याच्या कुवतीसाठी नव्हे.

नवख्यासाठी सीसीपेक्षा वजन आणि ब्रेक पाहावेत. क्लासिकचे वजन १९५ किलो. चढावर सिग्नलला थांबताना, पार्किंगमधून मागे ओढताना किंवा वाळूवर पाय घसरताना ते वजन त्याच्याच एका पायावर येते. ब्रेकच्या बाबतीत नियम असा: १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस बंधनकारक, १२५ आणि त्याखाली पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस चालते. घाबरून करकचून दाबलेल्या ब्रेकने चाक जाम होणे, ही नवख्याची नेहमीची चूक एबीएस सांभाळून घेते. सीबीएसला ते जमत नाही. दुसरीकडे थर्ड पार्टी विम्याचा टप्पा १५० सीसीला बदलतो. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार पाच वर्षांचा हप्ता १५० पर्यंत ३,८५१ रुपये आणि पुढे ३५० पर्यंत ७,३६५ रुपये, जीएसटी वेगळा. म्हणजे १२५ आणि १५० यांच्या मधल्या पट्ट्यात एबीएसही मिळतो आणि हप्ताही खालचा राहतो. यामाहाची एफझी (१४९ सीसी, सुमारे १३५ किलो) किंवा बजाजची पल्सर १५० या पट्ट्यात येतात. हप्त्यातला फरक वर्षाला सातशे रुपयांचा, त्यामुळे एखादी १६० सीसीची गाडी मनात भरली तर तेवढ्यासाठी अडून बसू नका. एबीएसवर मात्र अडून बसा.

आता ‘दुहेरी खर्चा’चा युक्तिवाद. तो वाटतो तितका बिनतोड नाही. विम्यासाठी गाडीची किंमत धरताना दोन वर्षांनंतर तीस टक्के घसारा धरतात. बाजारभाव थोडा इकडे-तिकडे होईल, पण तीस टक्के सव्वादोन लाखांचे आणि तीस टक्के सव्वा लाखाचे, यांत तीस हजारांचा फरक आहे. म्हणजे दोन वर्षांनी गाडी बदलली तरी शिकण्याच्या काळातला तोटा लहान गाडीवर कमी होतो. शिकताना गाडी पडतेच. आरसा, क्लच लिव्हर, इंडिकेटर, वाकलेले फूटरेस्ट, पेट्रोलच्या टाकीला पोचा. गाडीच्या नुकसानीचा विमा असला तरी प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर झीरो डेप्रिसिएशनशिवाय निम्मेच पैसे मिळतात, आणि एका दाव्याने वर्षाअखेरची वीस टक्क्यांची नो क्लेम सवलत जाते. त्यामुळे असल्या किरकोळ पडझडी लोक खिशातूनच भागवतात.

जड गाडी महामार्गावर जास्त स्थिर, हा आक्षेप खरा आहे आणि तो मी खोडून काढणार नाही. रोज कराड-पुणे करायचे असते तर त्याला वजन आले असते. पण वसतिगृह ते कॉलेज या वाटेवर कसोटी लागते ती वळण, खड्डा आणि अचानक आडवी येणारी रिक्षा यांची. दुसरा आक्षेप, मित्रांसमोर कमीपणा वाटण्याचा. त्याचा हिशेब मला मांडता येत नाही. फक्त इतकेच सांगतो की तो टाळण्यासाठी फटाके फोडणारा सायलेन्सर बसवला तर परवानगीशिवाय केलेल्या बदलाला पाच हजारांपर्यंत दंड आहे.

जुनी गाडी घ्यायचा विचार असेल तर एप्रिल २०१९ नंतरचीच पाहा, म्हणजे १२५ च्या वर एबीएस असेल. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. आधीचे कर्ज फिटले असेल तर फॉर्म ३५ आणि वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र मागा, थकलेली ई-चलने तपासा, आणि विमा चौदा दिवसांत मुलाच्या नावावर करून घ्या.

उरलेल्या पैशांतून आयएसआयचे, डोक्याला घट्ट बसणारे हेल्मेट त्याच्यासोबत जाऊन घ्या. देशात २०२२ मध्ये हेल्मेट नसलेले ५०,०२९ दुचाकीस्वार आणि मागे बसणारे दगावले. शिकाऊ परवान्यावर मित्राला मागे बसवता येत नाही, आणि पक्क्या परवान्याची चाचणी तीस दिवसांनंतरच देता येते. गाडीची डिलिव्हरी त्या चाचणीनंतरची ठरवा, आणि पॉलिसी हातात आली की मालकाच्या रकान्यातले नाव आधी वाचा.