जुने ध्वनियंत्र : दुरुस्ती की बदल?

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधून गाण्याबरोबर अखंड गुणगुण ऐकू येऊ लागली, की तो मोडीत काढावा असे वाटते. परंतु यंत्राचे सर्व भाग सारख्याच वेगाने जीर्ण होत नाहीत. ट्रान्सफॉर्मर कित्येक दशके टिकतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील द्रव मात्र उष्णतेने सुकत जातो. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, तर त्याचे आयुष्य सुमारे निम्मे होते. गुणगुणीचे मूळ बहुधा येथेच असते. असा कपॅसिटर, रेकॉर्ड प्लेअरचा सैल पट्टा किंवा लाउडस्पीकरची कुजलेली फोमची कड बदलता येते. याउलट, सीडी प्लेअरचा लेसर निकामी झाला आणि त्याचे उत्पादनच थांबलेले असेल, तर नवे यंत्र घेणे श्रेयस्कर. यंत्राच्या वयापेक्षा सुट्या भागांची उपलब्धता अधिक निर्णायक ठरते. झाकण मात्र स्वतः उघडू नये. वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युत्‌भार उरलेला असू शकतो.