नाणेघाटाला निघण्यापूर्वी



मुंब्र्याचा डोंगर तुम्ही लोकलच्या खिडकीतून पाहिला असेल. कल्याण-डोंबिवलीतल्या उंच गच्चीवरून मलंगगडही पाहिला असेल. पण डोंगर लांबून पाहणे वेगळे आणि पाठीवर सामान घेऊन तीन दिवस डोंगरांतून चालणे वेगळे. अशा पायी प्रवासाला पदभ्रमण म्हणतात. पदभ्रमणाची मोहीम डोंगरावर सुरू होत नाही. ती एक-दीड महिना आधी शाळेच्या वर्गात सुरू होते.

समजा, तुमच्या शाळेने डिसेंबर महिन्यात अशी एक मोहीम ठरवली आहे. चोवीस विद्यार्थी जाणार आहेत. त्यांच्याबरोबर दोन शिक्षक, एक शिक्षिका आणि डोंगराची चांगली माहिती असलेला एक मार्गदर्शक आहे. सहा-सहा मुलांची चार पथके केली आहेत. आता जायचे कोठे?

आपल्या ठाणे जिल्ह्यातून निघणारी एक फार जुनी वाट आहे. तिचे नाव नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण हे मोठे बंदर होते. परदेशी गलबतांतून आलेला माल कल्याणला उतरत असे. तेथून तो सह्याद्री चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जात असे. त्या काळी सातवाहन राजे राज्य करीत होते. माल नेण्यासाठी त्यांच्या काळात या घाटाची वाट वापरात होती.

आज कल्याणहून एस.टी.ने मुरबाड, टोकावडे या मार्गाने वैशाखरे गावाकडे जाता येते. त्या बाजूने घाटाची चढण सुरू होते. वाटेत जागोजागी दगड बसवलेले आहेत. घाटाच्या वरच्या टोकाजवळ एक लेणे आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत मोठा शिलालेख कोरलेला आहे. सातवाहन राणी नागनिका हिच्याशी या लेखाचा संबंध जोडतात. यज्ञाच्या वेळी दिलेल्या गाई, घोडे आणि नाणी यांची संख्या त्यात अंकांनी लिहिली आहे. भारतीय अंकांच्या फार जुन्या नमुन्यांपैकी हा एक नमुना आहे. घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. जकातीची नाणी या रांजणात टाकत असत, असे लोक सांगतात.

या घाटात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. वाटेवर आणि घाटमाथ्यावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. ज्यांनी ही वाट केली, त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांच्या तहानेचा विचार आधी केला. मोहिमेची तयारी म्हणजे नेमके हेच. पुढे काय लागेल आणि काय अडेल, याचा विचार घरी असतानाच करायचा.

आपल्या मोहिमेचा बेत असा करता येईल. पहिल्या दिवशी नाणेघाट चढून वर जायचे आणि घाटघर गावात मुक्काम करायचा. दुसऱ्या दिवशी घाटघरहून चावंड किल्ल्याच्या पायथ्याच्या गावाकडे चालायचे. तिसऱ्या दिवशी जुन्नरला जाऊन शिवनेरी किल्ला पाहायचा आणि माळशेज घाटातून एस.टी.ने कल्याणला परतायचे. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० साली याच शिवनेरीवर झाला. घाटघरच्या शेजारी जीवधन नावाचा उंच किल्ला आहे. इंग्रजांनी १८१८ साली त्याच्या पायऱ्या सुरुंगाने फोडल्या. त्या जागी कड्यावरून सांभाळून चढावे लागते. म्हणून आपल्या बेतात जीवधन नाही. बेत करताना काय करायचे ते ठरवतात, तसेच काय करायचे नाही तेही ठरवावे लागते.

परवानगी आणि माहिती

प्रत्येक विद्यार्थ्याच्या आई-वडिलांची लेखी परवानगी हवी. ‘अम्मी नाही म्हणेल’ असे समजून घरी अर्धीच गोष्ट सांगू नका. किती दिवस जाणार, कोठे राहणार, बरोबर कोण आहे, हे सगळे सांगा. माहिती पूर्ण असली की घरच्यांची काळजी कमी होते. ज्या गावांत मुक्काम करायचा, तेथील सरपंचांना आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना आधी पत्र पाठवावे. वनखात्याची परवानगी लागते का, ते विचारून घ्यावे. जवळच्या पोलीस ठाण्यातही कळवावे. मोहिमेच्या वेळापत्रकाची एक प्रत शाळेत ठेवावी. डोंगरात मोबाईल फोनला सगळीकडे रेंज मिळत नाही. अशा वेळी शाळेतला तो कागदच आपला पत्ता सांगतो.

तब्येत

निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. एखाद्याला दमा असतो. एखादीला फिट येते. कोणाचा पाय पूर्वी मोडलेला असतो. ‘हे सांगितले तर मला नेणार नाहीत’, या भीतीने काही मुले आजार लपवतात. हे फार धोक्याचे आहे. शिक्षकांना दम्याची माहिती असली, तर ते त्या मुलाचे ओझे कमी करतील, त्याला पुढे चालवतील आणि त्याचे औषध हाताशी ठेवतील. माहिती नसली, तर अर्ध्या चढावर त्याला धाप लागल्यावर सगळ्यांचीच धावपळ होईल. खरे सांगणारा विद्यार्थी घरी राहतोच असे नाही. पण लपवणारा विद्यार्थी सगळ्या मोहिमेला संकटात टाकतो.

सराव

मोहिमेपूर्वी दोन-तीन रविवारी सराव करा. कल्याणजवळचा हाजी मलंगचा डोंगर सरावासाठी चांगला आहे. पायथ्यापासून दर्ग्यापर्यंत पायऱ्यांची वाट आहे. रिकाम्या हाताने चढू नका. मोहिमेत जेवढे ओझे असेल, तेवढेच पाठीवर घ्या. मोहिमेत जे बूट घालणार, तेच घाला. बूट महाग असायला हवेत असे नाही. ते मापाचे असावेत, तळवा खरबरीत असावा आणि आठवडाभर वापरून पाय त्यांना सरावलेले असावेत. नवे कोरे बूट घालून डोंगर चढणाऱ्याच्या पायाला संध्याकाळपर्यंत फोड येतात.

पाठीवरचे ओझे

आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझे घेऊ नये. तुमचे वजन ४० किलो असेल, तर पिशवी ८ किलोपेक्षा जड नको. त्यातले ३ किलो तर पाण्यातच जातात, कारण प्रत्येकाकडे निदान ३ लिटर पाणी हवे आणि एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. उरलेल्या ५ किलोंत ताट, वाटी, पांघरूण, एक जादा कपडे, स्वेटर, टोपी, विजेरी आणि वाटणीला आलेला शिधा बसवायचा आहे. डिसेंबरमध्ये घाटमाथ्यावर रात्री थंडी असते. म्हणून पांघरूण आणि स्वेटर विसरू नका.

शिधा हिशेबाने घ्या. आपण सगळे मिळून अठ्ठावीस जण आहोत. एका वेळच्या खिचडीला प्रत्येकी १०० ग्रॅम तांदूळ धरला, तर २ किलो ८०० ग्रॅम तांदूळ लागेल. चार पथकांत वाटला तर एका पथकाकडे ७०० ग्रॅम येतो. वाटेत खायला खजूर, चणे आणि गूळ घ्या. ते हलके असतात, टिकतात आणि लवकर ताकद देतात. टाक्यातले पाणी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून, सांगितलेला वेळ थांबून मगच प्या.

अत्तर किंवा उग्र वासाचे तेल लावून निघू नका. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मधमाश्यांची मोठी पोळी असतात. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा यांनी त्या चवताळतात. पोळ्यांखालून शांतपणे पुढे जावे.

औषधांची पेटी

प्रत्येक पथकाकडे औषधांची छोटी पेटी हवी. तिच्यात पट्ट्या, कापूस, जंतुनाशक औषध, चिमटा आणि क्षार-साखरेची पाकिटे ठेवा. पाकीट संपले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. चमचा चहाचा घ्या. जुलाब झालेल्याला किंवा घामाने थकलेल्याला हे पाणी थोडे थोडे द्यावे. साप चावल्यास जखम कापू नका, चोखू नका, दोरीने आवळून बांधू नका. त्या माणसाला धीर द्या, चालू देऊ नका, चावलेला हात किंवा पाय स्थिर ठेवा आणि लवकरात लवकर सरकारी रुग्णालयात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर मदतीसाठी ११२ हे क्रमांक सगळ्यांना पाठ असावेत.

वेळेचा हिशेब

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा नियम सांगितला. साधारणपणे पाच किलोमीटर चालायला एक तास धरावा आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास मिळवावा. एखादी वाट पाच किलोमीटरची आणि सहाशे मीटर चढाची असेल, तर दोन तास होतात. पण हा नियम सराव असलेल्या माणसासाठी आहे. तुमच्या पाठीवर ओझे आहे आणि बरोबर चोवीस मुले आहेत. म्हणून त्यात निम्मा वेळ आणखी मिळवा. विश्रांतीचा वेळ वेगळा धरा. दोनाचे तीन-चार तास होतील. डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, हेही ध्यानात ठेवा.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवा. उदाहरणार्थ, ‘दुपारी एकपर्यंत निम्मा घाट चढून झाला नाही, तर खाली गावात परतायचे’, असे शाळेतच ठरवून वहीत लिहा. डोंगरावर हा निर्णय घेणे कठीण असते. माथा समोर दिसत असतो. ‘आता थोडेच राहिले’ असे प्रत्येक जण म्हणतो. परत फिरणे सगळ्यांना लाजिरवाणे वाटते. मग अंधार पडतो आणि वाट चुकते. पण निर्णय आधीच लिहिलेला असेल, तर कोणाशी वाद घालावा लागत नाही. घड्याळ पाहायचे आणि वळायचे. नाणेघाट दोन हजार वर्षे तेथेच आहे. तो पुढच्या वर्षीही असेल.

चालण्याची शिस्त

रांगेत सर्वांत पुढे मार्गदर्शक आणि सर्वांत शेवटी एक शिक्षक असावेत. मार्गदर्शकाच्या पुढे आणि शेवटच्या शिक्षकांच्या मागे कोणीही राहू नये. सर्वांत हळू चालणाऱ्याला रांगेच्या पुढच्या भागात ठेवावे. त्याच्या चालीने सगळ्यांनी चालावे. त्याला मागे टाकून जे पुढे धावतात, ते वर लवकर पोहोचतात हे खरे. पण त्यांना वाट पाहत बसावेच लागते, कारण शेवटचा विद्यार्थी पोहोचल्याशिवाय मोहीम पोहोचत नाही. प्रत्येक विश्रांतीनंतर मोजणी करा. अठ्ठावीस आकडा पूर्ण झाल्याशिवाय पाऊल उचलू नका.

स्काउट आणि गाईड यांचे ब्रीद तुम्हाला ठाऊक असेल : तयार राहा. काही मुलांना वाटते, भरलेली पिशवी म्हणजे तयारी. पिशवी तर दुकानातून सामान आणूनही भरता येते. खरी तयारी म्हणजे विचार करून घेतलेले निर्णय. ते बाजारात मिळत नाहीत. ते सगळ्यांनी मिळून, वर्गात बसून घ्यावे लागतात.

मोहिमेहून परतल्यावर एक काम करा. पथकाने एकत्र बसावे आणि वहीत तीन याद्या कराव्यात : कोणत्या वस्तू उपयोगी पडल्या, कोणत्या उगाच वाहिल्या आणि कोणत्या न्यायच्या राहिल्या. पाणी कोठे मिळाले, कोठे आटले होते, तेही लिहा. ती वही पुढच्या वर्षी जाणाऱ्या मुलांना द्या. ज्यांनी घाटात टाकी खोदली, त्यांनी आपल्यासाठी पाणी ठेवले. आपण आपल्या मागून येणाऱ्यांसाठी निदान एवढे ठेवू या.

शब्दार्थ

टाके – खडकात खोदलेला पाण्याचा हौद
घाटमाथा – घाटाचा सर्वांत वरचा भाग
लेणे – डोंगरात कोरलेली गुहा
शिलालेख – दगडावर कोरलेला मजकूर
जकात – मालावर घेतला जाणारा कर
शिधा – स्वयंपाकासाठी लागणारे धान्य वगैरे
ब्रीद – नेहमी पाळायचे वचन

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) प्राचीन काळी कल्याणचा माल कोणत्या घाटाने जुन्नरला जात असे?
(आ) मोहिमेच्या बेतात जीवधन किल्ला का नाही?
(इ) डोंगरावर जाताना अत्तर का लावू नये?

२. कारणे लिहा.
(अ) विद्यार्थ्यांनी आपला आजार लपवू नये.
(आ) परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी.

३. तुमचे वजन ३५ किलो आहे असे समजा. तुमच्या पिशवीत काय काय न्याल? वजनासह यादी करा.

४. ‘शेवटचा विद्यार्थी पोहोचल्याशिवाय मोहीम पोहोचत नाही.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत पाच-सहा ओळींत लिहा.