यरुशलेम ते बंगळूर : मतभेदाच्या प्रसंगी निर्णय कसा घ्यावा?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १५:१-३५, रोमकरांस पत्र, अध्याय १४

ख्रिस्तसभेत मतभेद उद्भवला म्हणजे दोन प्रकारचे पुढारी दृष्टीस पडतात. काही जण वाद आपोआप शमेल या आशेने डोळे मिटून बसतात; काही जण अधिकाराच्या बळावर लोकांची तोंडे बंद करतात. पवित्र शास्त्र या दोहोंहून निराळा मार्ग दाखविते. तो मार्ग आपण यरुशलेमच्या सभेवरून समजून घेऊ व आपल्या देशातील एका निर्णयाशी ताडून पाहू.

यरुशलेमची सभा

परराष्ट्रीयांनी ख्रिस्ताकडे येताना सुंता करून घ्यावी की नाही, यावरून अंत्युखियात तीव्र वाद झाला. प्रश्न क्षुल्लक नव्हता; मोशेच्या नियमशास्त्राचा मान त्यात गुंतला होता. प्रेषित व वडील एकत्र जमले, तेव्हा त्यांनी तीन गोष्टी केल्या.

पहिली गोष्ट, त्यांनी ऐकून घेतले. पेत्र बोलावयास उठला तो पुष्कळ वादविवाद झाल्यानंतर. पुढे बर्णबा व पौल आपला अनुभव सांगत असता सर्व समुदाय स्तब्ध होता.

दुसरी, त्यांनी पारख केली. याकोबाने तो अनुभव संदेष्ट्यांच्या वचनांशी ताडून पाहिला आणि आवश्यक तेवढ्याच गोष्टींचे बंधन घातले.

तिसरी गोष्ट आपण बहुधा विसरतो. निर्णयाचे पत्र लिहून ते थांबले नाहीत. पत्राबरोबर यहूदा व सीला यांना धाडिले. कागद प्रश्नांना उत्तर देऊ शकत नाही. माणूस देऊ शकतो. त्या दोघांनी अंत्युखियात राहून बंधुजनांना धीर दिला.

बंगळूरचा निर्णय

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) उपासनेत लोकभाषेला व लोकसंस्कृतीला वाव दिला. ते कार्य भारतात पुढे नेण्यासाठी १९६७ साली बंगळूर येथे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. फादर डी. एस. अमलोरपवदास हे त्याचे संस्थापक संचालक होते. मिस्साविधीत भारतीय रीती आणण्यासाठी बारा सूचना तयार झाल्या : पादत्राणे काढून जमिनीवर बसणे, पंचांग प्रणाम, हात जोडून शांतीचे अभिवादन, मेणबत्त्यांऐवजी तेलाचे दिवे, आरती इत्यादी. देशातील बिशपांची मते टपालाने मागविण्यात आली आणि २५ एप्रिल १९६९ रोजी रोमहून संमती मिळाली. या रीती पूर्णतः वा अंशतः अमलात आणण्याची मोकळीक स्थानिक बिशपांना होती.

या मोकळिकीत शहाणपण होते. सर्वांवर एकच जोखड लादले गेले नाही. तरीही वाद पेटला. अनेकांना आरती व दिवे पाहून, ज्या मार्गाचा आपल्या पूर्वजांनी त्याग केला तिकडेच आपणास परत नेले जात आहे, असे वाटले. पुढे दलित ख्रिस्ती विचारवंतांनी अधिक मर्मभेदक प्रश्न केला : भारतीय संस्कृती म्हणजे कोणाची? ज्या देवळाची पायरी आमच्या आजोबांना चढू दिली नाही, तेथील रीती आम्ही आपल्या म्हणून कशा स्वीकाराव्या? महाराष्ट्रातील कित्येक ख्रिस्ती कुटुंबांना हा प्रश्न परका वाटणार नाही.

त्या सूचनांमागील हेतू शुद्ध होता, असे आम्ही मानतो. प्रभूला भारतीय मनाने नमन करण्यात गैर काही नाही. परंतु टपालाने मते मोजता येतात, एकमेकांचे मन ऐकता येत नाही. बाकावर बसणाऱ्या सामान्य भाविकाला निर्णय कळला तो बहुतेक ठिकाणी तयार झाल्यावरच. बंगळूरच्या केंद्राने शिबिरे भरवून अनेकांना त्याचा अर्थ समजाविला; पण समजावणे निर्णयानंतर आले की ते समर्थनासारखे भासते.

याउलट रेव्हरंड नारायण वामन टिळकांची (१८६१-१९१९) भजने पाहा. ती मराठी ख्रिस्ती जनांच्या ओठांवर रुळली ती कोणाच्या आज्ञेने नव्हे. लोकांनी ती आपली म्हणून गाईली.

आपल्यासाठी बोध

ज्यांच्यावर निर्णयाचा भार पडणार, त्यांचा आवाज निर्णयापूर्वी ऐकला गेला पाहिजे. विशेषतः ज्यांच्या जुन्या जखमा त्या विषयाने उघड्या पडतात त्यांचा. असे केल्याने एकमत होईलच असे नाही. यरुशलेमच्या सभेनंतर थोड्याच दिवसांत पौल व बर्णबा हे दोघे सहकारी योहान मार्काच्या प्रश्नावरून वेगळे झाले. तरी सुवार्तेचे कार्य थांबले नाही. मात्र ऐकून घेतलेला मनुष्य मतभेद असूनही भाऊ राहतो. न ऐकलेला मनुष्य मुकाट्याने आज्ञा पाळतो व मनाने दूर जातो. रोमकरांस लिहिताना पौलाने खाण्यापिण्याच्या वादात कोण बरोबर याहून, भावाला अडखळण होऊ नये, यावर अधिक भर दिला, तो याचसाठी.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीतील मागील मोठा निर्णय आठवा. त्यापूर्वी कोणाला विचारले गेले व कोण विचाराबाहेर राहिले?
२. उपासनेतील कोणती रीत आपणास प्रिय, पण शेजारच्या भावाला बोचणारी आहे? ती का बोचते, हे आपण त्याला कधी विचारले आहे काय?
३. आपल्या निर्णयाच्या पत्राबरोबर आपण यहूदा व सीला यांच्यासारखे कोणाला पाठवू शकतो?