दिवा पेटला की आधी आकडा माग

अगं मने, काल फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच कळलं की तू घाबरलीस. घाटंजीहून येताना गाडीचा 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा पेटला, गॅरेजवाल्यानं मशीन लावलं आणि "सेन्सर गेला ताई, बदलवा लागते" म्हणून मोकळा झाला. तू विचारलंस का, आकडा कोणता आला? नाही ना? पुढच्या वेळी तोंडून पहिला शब्द तोच निघू दे.

स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, तिथं स्कॅनर लावला की पाच खुणांचा कोड दिसतो. पहिलं अक्षर पी असेल तर दुखणं इंजिन-गिअरचं, सी असेल तर ब्रेककडचं. पुढचा आकडा शून्य असला की बहुतेक वेळा त्या कोडचा अर्थ सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत एकच. त्यामुळे तो तुला स्वतःला शोधून वाचता येतो, कुणाच्या तोंडाकडे पाहायची गरज नाही.

पण बाई, कोड फक्त तक्रार सांगतो. पी०१३१ म्हणजे सायलेन्सरकडच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज कमी दिसतोय, एवढंच. वायर तुटली असेल, सायलेन्सर सेन्सरच्या आधी लीक असेल, वॉशिंग सेंटरच्या जेटनं कनेक्टरमध्ये पाणी शिरलं असेल. सेन्सर खरंच गेलेलाही असू शकतो, पण तो शेवटी तपासायचा, कारण महागडा तोच. आपल्याकडं तर उंदीर आधी बघ. कापूस-तुरीच्या घराशेजारी गाडी उभी राहिली की ते बॉनेटखाली शिरतात आणि वायरी कुरतडतात. पावसाळ्यात तर हमखास.

गाडी मिसिंग करत असेल तेव्हाची युक्ती मला फार आवडते. कोड आला पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये नीट जळत नाही. कारण प्लग, कॉइल की इंजेक्टर, ते कसं ठरवायचं? प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर बसवायला सांग, पहिल्याची दुसऱ्यावर, आणि गाडी फिरवून पुन्हा स्कॅन. कोड पी०३०१ झाला तर दोष कॉइलसोबत गेला, म्हणजे कॉइलच खराब. पी०३०२ तसाच राहिला तर कॉइल चांगली आहे, आता प्लगांची अशीच अदलाबदल. एकही नवा पार्ट न घेता उत्तर मिळतं. जो मेकॅनिक हे करायला लगेच तयार होतो, त्याला धरून ठेव.

दिवा स्थिर असेल तर सावकाश चालवत घरी ये, हरकत नाही. लुकलुकायला लागला मात्र, तर कडेला घे आणि इंजिन बंद कर. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं पेटतं, आणि तो भाग जळला की खर्च कुठच्या कुठं जातो. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तरी तेच. भर उन्हाळ्यात यवतमाळात ४२-४५ अंशांत "थोडं पुढं नेऊ" म्हणायचं नाही.

आणि मेकॅनिक "एरर डिलीट करून देतो" म्हणाला तर आधी स्क्रीनचा फोटो काढ. कोड आला तेव्हा वेग किती होता, इंजिन किती तापलेलं होतं, हेही गाडी नोंदवून ठेवते. पुसलं की तेही जातं. दिवा विझतो, दुरुस्ती झालेली नसते, आणि चार दिवसांनी तू पुन्हा त्याच दारात उभी.

गॅरेजवाले तुझ्याशी न बोलता भाऊजींशी बोलायला लागले, तर गाडी तू चालवतेस, हे सांग. आवाज चढवायची गरज नाही. पार्ट बदललाच तर जुना मागून घे आणि डिकीत ठेव. आठवडाभर घाटंजीच्या फेऱ्या झाल्या की पुन्हा स्कॅन करून घे. आणि उद्या त्या गॅरेजमधून कोडचा फोटो मला पाठव, मग सेन्सरचं ठरवू.